बॅग गेली, बारकी राहिली

१

सकाळी नऊला छकुलीची अंघोळ, साडेनऊला दूध, दहाला झोप. दहा ते साडेअकरा हा दीड तास बारकीचा. त्यात तिने केर काढायचा, दुपटी पिळायची, स्वतःच्या पोटात काहीतरी ढकलायचं आणि दर पाच मिनिटांनी आत जाऊन पोरीच्या नाकाखाली बोट धरायचं. श्वास लागतोय ना, एवढंच बघायला. हे शेवटचं काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण तेच ती सगळ्यात नेमाने करायची.

पाच भावंडांत ती शेंडेफळ, म्हणून बारकी. लग्न झालं, पोरगी झाली, दहा महिन्यांची झाली, तरी आईचं नाव काही मोठं झालं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या हाताखालची माणसं त्याला उस्ताद म्हणायची, मग तीही उस्तादच म्हणायची.

दोघांची गाठ पडली ती लिफ्टमुळेच. बारकी पडद्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. तिसऱ्या मजल्यावरची मालाची लिफ्ट बंद पडली आणि बायकांना कापडाचे गठ्ठे जिन्याने चढवायची वेळ आली. बारकी तणतणत विचारायला गेली, "किती वेळ लागणार अजून?" लिफ्टच्या टपावर बसलेला हा माणूस कानातून इअरफोन काढत म्हणाला, "दोन गाणी." आणि डाव्या कानाचं टोक तिच्यापुढे धरलं.

तो एका परदेशी बँडचा वेडा होता. चार जण वाजवणारे, एक बाई गाणारी. भाषा दोघांनाही कळायची नाही. पण त्या दिवसापासून ती दोघं ही गाणी एकाच इअरफोनवर ऐकत आली. उजवा कान त्याचा, डावा तिचा. बसमध्ये, बागेत, दवाखान्याच्या बाकावर. त्या बँडची गाणी अशी भरलेली असायची की ढोल आणि पुरुषांचे आवाज उजवीकडे, तर त्या बाईचा खालचा सूर आणि एक तंतुवाद्य डावीकडे. बारकीला सहा वर्षांत प्रत्येक गाण्याचं डावं अर्धंच पाठ झालं. मध्ये मध्ये जिथे तिच्या कानात काहीच नसायचं, तिथे ती गुणगुणतानाही गप्प राहायची. मोजून चार ठोके गप्प, मग पुन्हा सुरू. एकदा तिने दोन्ही टोकं स्वतःच्या कानात घालून पाहिली. घरात न सांगता पाहुणे शिरावेत तसं वाटलं. लगेच काढून ठेवली.

तो बँड आता थांबणार होता. शेवटचे कार्यक्रम, तेही दूरदेशी. दोघांनी दोन तिकिटं घेतली, तेव्हा छकुली पोटात होती. तेव्हा वाटलं होतं, त्यात काय, पोर होईल, मोठं होईल, जाऊन येऊ चार दिवस.

२

सोमवारी दुपारी टॅक्सी दारात उभी राहिली. पोरीजवळ राहायला सासूबाई आल्या होत्या. बारकीने त्यांच्या हातात चार पानं ठेवली. दूध किती, कोमट म्हणजे किती कोमट, कुशीवर झोपवायचं का पाठीवर.

सासूबाईंनी चष्मा वर करून पानं पाहिली. "मी तीन पोरं वाढवली गं. एकालाही अशी चिठ्ठी जोडलेली नव्हती."

"तसं नाही आई, आपलं असू दे जवळ."

"असू दे. तू जा आता. विमान काय तुझ्या काळजीसाठी थांबणारे?"

बॅगा डिकीत गेल्या. उस्ताद आत बसला. बारकीचा एक पाय टॅक्सीत होता, एक रस्त्यावर. तेवढ्यात तिला वरून रडणं ऐकू आलं. किंवा ऐकू आल्यासारखं वाटलं. सकाळी पोरीचं कपाळ जरा गरमच लागलं होतं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"उस्ताद, तू जा."

"म्हणजे?"

"मी नाही येत. तिला ताप येणार, मला कळतंय. तू जा, दोघांचं वाया नको."

"बारके, वर्षभर आपण दिवस मोजतोय. आई आहे ना वर! चढ आधी."

पण ती पाय बाहेर काढून उभी राहिली. त्याच्या चेहऱ्यावर राग आला, मग राग गेला, आणि जाताना मागे काहीतरी हलकं ठेवून गेला. निदान बारकीला तसं दिसलं. बघता बघता टॅक्सी निघालीसुद्धा. कोपऱ्यावर वळताना मागच्या काचेत दोन डोकी दिसली. एक ड्रायव्हरचं असणार, असं तिने धरलं. ड्रायव्हर पुढे बसतो, हे तिच्या डोक्यात जिना अर्धा चढल्यावर आलं.

आणि मग आठवली ती बॅग. तिची बॅग डिकीतच राहिली होती. पासपोर्ट, तिकीट, मुद्दाम शिवलेला पिवळा कुर्ता, सगळं त्यात. बॅग गेली आणि बारकी राहिली.

वर छकुली सासूबाईंच्या मांडीवर चमचा चोखत मजेत बसली होती. कपाळ थंडगार.

"काय विसरलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"मी नाही जात आई."

सासूबाईंनी पोरगी खाली ठेवली, चार पानं टेबलावर ठेवली, त्यावर चमचा ठेवला. "विश्वास नव्हता तर तसं सांगायचं. मला कशाला एवढं लांबून नाचवलंस?" आणि पिशवी उचलून लेकीकडे निघून गेल्या.

३

मंगळवारी दुपारी उस्तादचा पहिला फोटो आला. कुठल्यातरी मोठ्या सभागृहाबाहेरची रांग. तो कट्ट्यावर बसलेला, डोळे मिटलेले, उजव्या कानात इअरफोन. खाली लिहिलेलं, "उद्याची जागा धरायला आजच बसलेत वेडे लोक. त्यात एक मी."

बारकीने फोटो पाहिला. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. छकुलीला दाखवला. मग भांडी घासायला ठेवली, हात पुसले आणि पुन्हा पाहिला.

इअरफोनची वायर लोंबत नव्हती.

एक टोक त्याच्या कानात होतं. दुसरं त्याच्या उजव्या हाताला, फोटोच्या बाहेर गेलं होतं. वायर मधून जराशी झुकलेली, पण ताणलेली. पलीकडे कुणाच्यातरी कानात असल्यासारखी.

बारकीने सहा वर्षं पडदे शिवले होते. झोल कशाला म्हणतात आणि ताण कशाला, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी तिने आधी शहाणपणाने विचार केला. बॅगेच्या चेनमध्ये अडकली असेल. त्यानेच हातात धरली असेल. मग कपाटातून जुना इअरफोन काढला, आरशासमोर बसली, एक टोक कानात घातलं, दुसरं पिशवीच्या चेनला अडकवलं. वायर खाली पडली. हाताने धरली. कोपर वर दिसायला लागलं. फोटोत कोपर नव्हतं. शेवटी भिंतीवर बोटाने खूण करून तिने ते दुसरं टोक किती उंचीवर असेल ते काढलं. त्याच्या कानापेक्षा मूठभर खाली.

कुणीतरी होतं. बाई होती. आणि फार उंच नव्हती.

तिने फोन लावला. त्याने घेतला नाही. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, "अगं गोंगाट आहे इथे, नंतर बोलू." आवाजात हसू होतं. नुकतंच कुणीतरी काहीतरी बोलून गेल्यावर राहतं तसं.

दुपारभर बारकीने ती बाई रचली. तिला मोकळे केस दिले, धुतलेले. आठ तासांची झोप दिली. अंगाला दुधाचा वास नाही, खांद्यावर ओकारीचा डाग नाही. घड्याळात न बघता हसता येणारी. तिचे कान कसे असतील, हेसुद्धा रचलं. छकुली रांगत येऊन तिचा गाऊन ओढत होती, तरी तिचं लक्ष नव्हतं. एवढ्या लांब बसलेल्या एका कानाचा तिला असा हेवा वाटला की दात शिवशिवले.

४

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला.

"काय गं, कशी आहे तिकडची हवा?"

"कुठली हवा आई? मी घरीच आहे."

"पुरे कर थट्टा. थंडी आहे का? स्वेटर नेलास ना? तुम्हा दोघांना कपड्यांचं भान नाही, गाणी सांगा फक्त."

सासूबाई टोमणे मारायच्या, त्यात त्यांचा हातखंडा होता. रागावल्या की असंच फिरवून बोलायच्या. हा त्यातलाच प्रकार असणार. "आई, तुमच्यासमोरच मी वर आले की नाही सोमवारी? तुम्ही चमचा आपटून गेलात."

"वर आली ती बाई. तू ठेवलेली." सासूबाईंच्या आवाजात टोमणा नव्हता, तक्रार होती. "मला आधी सांगितलं असतंस की पोरीला बाई ठेवलीय, तर मी आलेच नसते. काय ती, गबाळी! डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. पण पोरीला तिचा लळा दिसला हो, ते मी नाकारत नाही. तिला सांग, दूध जरा कोमट करून दे."

"आई, तुम्ही कुणाशी बोलताय आत्ता?"

"कुणाशी म्हणजे? सुनेशी! मागे किती गोंगाट आहे तुझ्या, नीट ऐकू येत नाही. ठेवते."

घरात गोंगाट नव्हता. छकुली झोपली होती आणि नळाला एक थेंब होता, तोही पडायचा थांबला होता.

५

कार्यक्रम तिथे संध्याकाळी होता, म्हणजे इथे बुधवारी सकाळी दहाला. ऐन बारकीच्या दीड तासात. उस्तादने कबूल केलं होतं, एक गाणं फोनवरून ऐकवीन.

दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. तिने खोलीचं दार लोटलं, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि फोन डाव्या कानाला लावला.

आधी नुसता समुद्रासारखा आवाज. मग ढोल. हजारो माणसं एकदम ओरडली. गाणं त्यांचंच होतं, लिफ्टच्या टपावरचं, पहिलं. बारकीला भरून आलं. तिने पदराने नाही, गाऊनच्या बाहीने डोळे पुसले आणि स्वतःशीच हसली. फोनमध्ये उजवं-डावं सगळं एकत्र कालवलेलं होतं, पण तिने आपलं अर्धं बरोबर वेगळं काढलं.

मग तिला फोनच्या अगदी जवळ कुणीतरी गुणगुणताना ऐकू आलं.

उस्ताद नव्हता. त्याचा आवाज तिच्या ओळखीचा, त्याला सूर माहीत नव्हता. ही बाई होती. ती खालचा सूर गात होती. फक्त खालचा. आणि मध्येच गप्प झाली. बारकीने नकळत मोजलं. चार ठोके. मग ती बाई पुन्हा सुरू झाली.

तिथे, त्या सभागृहात, सगळं गाणं सगळ्यांच्या दोन्ही कानांत पडत होतं. त्या चार ठोक्यांत तर सगळे जास्तच मोठ्याने गात होते. तिथे गप्प राहायचं कारण जगात एकाच माणसाला होतं.

"उस्ताद," बारकी म्हणाली. "उस्ताद, शेजारी कोण आहे?"

गाण्याखाली त्याचा आवाज आला, पण फोनमध्ये नव्हे, फोनपासून वळून, दुसऱ्या कुणाला तरी. लाडाने. "अगं बारके, धर ना नीट, घरच्या बाईला ऐकवायचंय म्हणालीस ना!"

फोन बंद झाला. बारकीने तो ओट्यावर उपडा ठेवला. तिच्याही घशात तोच सूर येऊन थांबला होता, पुढचा ठोका कुठे घ्यायचा ते शोधत.

६

दुपारी तिने स्वतःची समजूत घातली. तिने ऐकलं ते मनाचं. दोन रात्री झोप नाही, त्यात हेवा. हेवा माणसाला काहीही ऐकवतो. बाई असेल, आहेच, पण साधीसुधी बाई असेल, हाडामांसाची, आणि आला की त्याला उभा-आडवा धरून विचारायचं. असं ठरवल्यावर तिला बरं वाटलं. नवऱ्याच्या दुसऱ्या बाईने बरं वाटावं अशी वेळ आपल्यावर आली, याचं तिला हसूही आलं.

कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडलं तर समोरच्या नर्सबाई पाळी संपवून येत होत्या. डोळे झोपेने मिटत होते.

"काय म्हणते छकुली?" त्यांनी कुलपात किल्ली घालत विचारलं.

"बरीये."

"तुम्ही चांगलं सांभाळता हो तिला. ताई कधी येणारेत?"

आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी दार लावून घेतलं. बारकीने स्वतःकडे पाहिलं. सोमवारपासूनचा गाऊन, सुटलेला अंबाडा. यात कुणीही ओळखणार नाही, ती म्हणाली. झोपेत तर नाहीच नाही.

मग उस्तादने चित्रफीत पाठवली. अठरा सेकंदांची. दिवे, धूर, मंचावर नखाएवढी माणसं. आणि सगळ्याच्या पुढे, कॅमेऱ्याकडे पाठ करून नाचणारी बाई. पिवळा कुर्ता घातलेली.

माझा कुर्ता! बारकीच्या डोक्यात तिडीक गेली. माझी बॅग उघडली, माझा कुर्ता तिला घातला! तिने चित्रफीत पुन्हा लावली. पुन्हा लावली. पाचव्या वेळी तिचा राग थांबला आणि त्या जागी थंडी आली.

वर्षानुवर्षं मशीनवर वाकून बारकीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उतरलेला होता. तयार कपडे तिला कधीच बसायचे नाहीत, गळा एका बाजूला ओढायचा. म्हणून हा कुर्ता तिने स्वतःच्या मापाने शिवला होता, उजवी बाजू बोटभर खाली घेऊन. दुसऱ्या कुणाच्याही अंगावर तो चुकलेला दिसला असता. या बाईच्या अंगावर एक सुरकुती नव्हती.

आता निदान हेवा तरी जायला हवा होता. आपलाच आपल्याला कधी हेवा वाटतो का? पण तो गेला नाही. उलट वाढला. कारण सतराव्या सेकंदाला ती बाई मान मागे टाकून हसत होती, पोट धरून, बेफिकीर. चेहरा दिसत नव्हता, पण तो गळा बारकीचा होता, आणि त्या गळ्यातून असं हसू शेवटचं कधी निघालं ते बारकीला आठवेना. ही कोण लागून गेली? घाबरायचं मी, जागायचं मी, नाकाखाली बोट धरायचं मी, आणि हसायचं हिने?

दहा वाजल्यापासून ती पोरीजवळ फिरकली नव्हती, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. धावत आत गेली. छकुली जागी होती. कोरडी, पुसलेली, दुपट्यात नीट गुंडाळलेली. पोट भरलेलं असल्यासारखी शांत. मीच केलं असणार मघाशी, बारकी म्हणाली. हाताची सवय. आठवत नाही एवढंच.

७

शुक्रवारी सकाळी साडेनऊला तिने पोरीला पाजून झोपवलं. दहाला जिन्यावर बॅगा आपटत चढल्याचा आवाज आला. बारकी दाराशी जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिने शब्द न् शब्द घोकलं होतं.

दार उस्तादनेच उघडलं. दोन्ही हातांत दोन बॅगा, धाप लागलेली, चेहरा उजळलेला.

"काय गं तू! मी डिकीतून बॅगा काढतोय तर तू पळालीस पण वर. तीन मजले एका दमात! पोरीची एवढी ओढ?"

बारकीने त्याच्या मागे पाहिलं. जिना रिकामा होता.

"झोपलीय का छकुली? मग बस की जरा. मला अजून खरं वाटत नाही, बारके." तो खुर्चीत पडला, पाय पसरून. "त्या शेवटच्या गाण्याला तू रडत होतीस आणि हसत पण होतीस. त्या मागच्या म्हाताऱ्याने तुला रुमाल दिला, आणि तू त्यातच नाक शिंकरून परत द्यायला निघालीस!" तो हसत सुटला. "आणि सकाळी त्या पुलावर. पुलावर काय म्हणालीस, आठवतं ना?"

तो तिच्याकडे बघत होता. पोरगी झाल्यापासून त्याने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. थकलेली, चिडकी, सारखी आत धावणारी बाई त्याच्या नजरेतून गळून पडली होती. जिला तो बघत होता ती चार दिवस त्याच्याबरोबर हिंडली होती. बारकीच्या जिभेवर प्रश्न तयार होता. कोण होती ती? एवढं विचारलं की झालं. तो गोंधळला असता, आणि ती नजर विझली असती. मग ती जिची तिच्याकडे परत गेली असती. कुठे असेल तिकडे.

का जाऊ द्यायची? तिकिटावर नाव माझं होतं. कुर्ता मी शिवला. डावा कान माझा.

"बारके? आठवतं ना?"

"हो," ती म्हणाली. "आठवतं."

म्हणताच तिला घसा बसल्याचं जाणवलं. आवाज फाटका आला, खूप ओरडून झाल्यावर येतो तसा. पोटऱ्या भरून आल्या होत्या, तासन् तास उभं राहिल्यासारख्या. तिने खाली पाहिलं. घरात ती अनवाणी असायची. आता पायांत बूट होते, आणि त्यांच्या टाचांना वाळलेला चिखल होता. इथल्या मातीच्या रंगाचा नव्हता.

आत छकुली रडली.

बारकी उठली. रडणं ऐकलं की तिची छाती भरून यायची, दहा महिन्यांत एकदाही चुकलं नव्हतं. आता काहीच झालं नाही. तिने दोन पावलं टाकली आणि रडणं थांबलं. आपोआप थांबतं तसं नाही. उचलून घेतल्यावर थांबतं तसं.

"अगं बस," उस्ताद बुटाची नाडी सोडत म्हणाला. "बाई आहेत ना आत."

८

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पलंगाच्या कडेला एक बाई पाठमोरी बसली होती. चार दिवसांचा गाऊन, सुटलेला अंबाडा. उजवा खांदा जरा उतरलेला. डाव्या खांद्यावर छकुली, आणि पाठीवर हळूहळू पडणारा हात.

बारकी दारात थांबली. पोरगी तिच्याकडे तोंड करून होती. तिने बारकीला पाहिलं. कधी न पाहिलेल्या माणसाकडे तान्ही मुलं बघतात तसं, न हलता, सगळ्या चेहऱ्याने. मग खालचा ओठ बाहेर आला आणि तिने त्या बाईच्या मानेत डोकं खुपसलं.

"छकुले, मी गं," बारकी म्हणाली. आवाज घोगरा होता, परका.

"घाबरली," ती बाई मागे न बघता म्हणाली. "चार दिवस नव्हतात ना ताई. होईल हळूहळू ओळख."

शब्द गोड होते. पण ताई म्हणताना त्यात एक खरखर आली, आणि ती खरखर बारकीने लगेच ओळखली. चार दिवस ती तिच्याच घशात होती. ती बाई हेव्याने मरत होती.

"अगं," बाहेरून उस्तादची हाक आली. "त्या मावशींना सांग, आता जा म्हणावं. दमल्या असतील त्याही."

पाठीवर पडणारा हात थांबला.

बारकीला कळत होतं, हिला पाठवलं की ही कुठेच जाणार नाही, कारण हिला जायला जागाच नाही. आणि हेही कळत होतं, की आत्ता मागे सरून दार ओढून घेतलं, बूट काढले, बाहेर जाऊन खरं काय ते सांगून टाकलं, तर कदाचित ही खुर्ची, हा पलंग, ही पोरगी पुन्हा आपल्या जागी बसेल. मग तिला पूल आठवला. पाणी, ऊन, वारा, आणि शेजारी हसणारा नवरा. खरोखरच आठवला.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

ती बाई उठली. चेहरा बारकीकडे न वळवता, पोरीला धरून, आडवी आडवी दाराकडे सरकली. बारकीने हात पुढे केले. बाईने पोरीला सोडलं, अगदी शहाण्यासारखं, दोन्ही हात बाजूला घेऊन. पण पोरगी खाली आली नाही. तिने गाऊनचा गळा मुठीत धरला होता.

"मी सोडलंय," ती बाई हळू म्हणाली. "हीच सोडत नाही."

बारकीने ती इवलीशी मूठ धरली आणि बोटं सोडवायला घेतली. करंगळी सुटली. तिच्या शेजारचं सुटलं. दहा महिन्यांत छकुलीने एकही शब्द काढला नव्हता. मधलं बोट सुटताना तिने पहिला काढला, मोठ्याने, स्वच्छ.

"आई."

बारकीकडे पाठ करून. बारकीचा हात क्षणभर थांबला, मग तिने पुढचं बोट धरलं.